सेजलच्या छपरावरचा बर्फ

कुडपण, ता. पोलादपूर
१८ सप्टेंबर

सेजे, बाय माझे,

तुझं पाकीट पोचलं. फोनवर तुझा आवाज येतो आणि मधेच तुटतो, आणि तुटला नाय तरी तुझे बाबा ओटीवर बसलेले असतात. मग मी नुसतं हो, बरं, हो, बरं करत राहते. त्यापेक्षा हे बरं. पत्रात सगळं लिहिता येतं आणि कुणाला ऐकू जात नाय.

फोटो बघितला. मी तुझं पोट बघितलं. पाचवा लागला म्हणतेस, पण मला तू अजून काडीच दिसतेस. तिकडं दूध आहे, तूप आहे, मग अंगाला का लागत नाय? ओंकारची आई तुला जपते हे वाचून बरं वाटलं. त्यांना म्हणावं, पोरीला आंबट खावंसं वाटलं तर खाऊ द्या. कोकमं पाठवीन.

फोटो मी फळीवर ठेवून गोठ्यात गेले. परत आले तर फोटो नाय. तुझे बाबा तो अंगणात उजेडाला धरून उभे होते, चष्मा कपाळावर नाय, डोळ्यांवर. मी दारातच थांबले. वाटलं, आता चार वर्षांनी लेकीचं तोंड बघतायत. तर मला बघून फोटो परत फळीवर ठेवला आणि खांबाकडं बघून म्हणाले, "ही तुळई वाकलीय."

मी म्हटलं, "कसली तुळई?"

"फोटोतली. डोक्यावरची."

मग मी नीट बघितलं. खरंच गो, तुझ्या मागं वर ते जाड लाकूड हाय ना, त्याला पोटात बाक आलाय. मला आयुष्यात दिसलं नसतं. तू पत्रात एका ओळीत लिहिलंयस, की मागच्या हिवाळ्यात बर्फाच्या वजनानं छप्पर थोडं बसलं. थोडं म्हणजे किती? आणि हिवाळ्यात ओंकार रस्त्यावरचा बर्फ काढायच्या मशीनवर असणार, कधी कधी दोन-दोन दिवस घरी येणार नाय, हेही एकाच ओळीत. तू लहानपणापासून अशीच. ताप आला तरी सांगायची नाहीस.

तर मला आपलं सहज विचारायचं होतं. तुळई कुठल्या लाकडाची हाय? भिंतीपासून भिंतीपर्यंत किती हात? छप्पर सपाट का ठेवलंय, उतार का नाय दिला? वर मातीचा थर केवढा? आणि दर वर्षी त्यावर नवी माती टाकता का?

मी सहज विचारते हां. कुणी विचारायला सांगितलेलं नाय.

तुझी आई

*

कुडपण
१४ ऑक्टोबर

सेजे,

दसरा झाला. भात कापायला आलंय, नाचणी डुलतेय, आणि तुझ्या बाबांनी घरात वेगळाच कारखाना काढलाय.

तुझं उत्तर मी त्यांना वाचून दाखवलं नाय. त्यांनी मागितलंही नाय. मी ते रात्रीच्या भाकरी करताना चुलीपाशी मोठ्यानं वाचत बसले, आपल्याच मनाशी. तू लिहिलंस ना, तिकडं पाऊस असा पडतच नाय, म्हणून छप्पर सपाट, आणि वर चढून बर्फ लोटायलाही सपाटच सोयीचं. ते वाचल्यावर ओटीवरून आवाज आला, "हां." आणि दर वर्षी गळतं म्हणून माती टाकतात हे वाचल्यावर आवाज आला, "तिथंच खोड हाय. वरचं वजन वाढत गेलं, खालचं लाकूड म्हातारं झालं."

दुसऱ्या दिवशी अंगणात दोन दगडांवर फळी टाकली आणि तिच्यावर भाताची पोती रचायला लागले. फळी वाकली की मधे टेकू लावायचा, परत रचायचं. सदूभावोजी रस्त्यानं चालले होते. म्हणाले, "हैबती, काय रे, पूल बांधतोस काय?" तर हे म्हणाले, "गप जा." एवढंच.

एक गोष्ट त्यांना कळेना. बर्फ म्हणजे केवढं वजन? तू लिहिलंस, ताजा असतो तेव्हा कापसासारखा, हातात घेतला तरी कळत नाय, आणि दोन-चार दिवसांनी बसला, ओला झाला की दगड. हे म्हणाले, "एकच जिन्नस हलका पण आणि जड पण? कसं?" मी त्या दिवशी गोधड्या धुवायला काढल्या होत्या. सुकी गोधडी त्यांच्या हातात दिली. मग तीच झऱ्यावर भिजवली आणि म्हटलं, धरा. पिळायला दोघं लागलो. पाणी निथळेपर्यंत तशीच धरून उभे राहिले. मग म्हणाले, "अशा किती गोधड्या तिच्या छपरावर?"

सेजे, ते "तिच्या" म्हणाले. मी गोधडी दोरीवर टाकायला वळले. बोलले असते तर परत तोंड मिटलं असतं.

कशेडीच्या बोगद्यात दगड फोडायला आलेला हिमाचलचा पोर आणि बिरवाडीला खोली घेऊन कंपनीत जाणारी माझी पोर, कुठं गाठ पडली देव जाणे. लग्न करून मग सांगितलंस. तेव्हापासून त्यांनी तुझं नाव घेतलं नाय, आणि मीही त्यांच्यासमोर घ्यायची थांबले. तू चुकलीस की ते चुकले, हे मला आता शोधायचं नाय. तू फक्त त्या तुळईखाली झोपू नको. खाट भिंतीकडं घे.

तुझी आई

*

कुडपण
९ नोव्हेंबर

सेजे,

आज तुझे बाबा मुंबईला गेले. रावजीकाकांकडं, डोळे दाखवायला. मला तसंच सांगितलंय.

डोळे दाखवायला करवत लागते का गो? पिशवीत सुतारकामाची सगळी हत्यारं, करवत, रंधा, वाकस, ओळंबा. वर स्वेटर, ते घडी करून असं लपवलं होतं जसा काय चोरीचा माल. रावजीकाकांच्या लेकीनं, श्रुतिकानं, तिकीट काढून दिलंय, दिल्लीपर्यंत गाडीचं आणि पुढं बसचं. ते तिनंच मला फोन करून सांगितलं आणि म्हणाली, काकी, मी सांगितलं असं सांगू नका. म्हणजे त्यांना वाटतं मला ठाऊक नाय, मला ठाऊक हाय ते त्यांना ठाऊक नाय, आणि आम्ही दोघं सकाळी पोलादपूरच्या स्टँडवर उभे राहून डोळ्यांच्या डॉक्टरबद्दल बोलत होतो.

मी पिशवीत नाचणीचं पीठ, कोकमं आणि सुके बोंबील भरले. त्यांनी विचारलं, "रावजीला कशाला एवढं?" मी म्हटलं, "मुंबईत काय मिळतंय?" एसटी निघाली तेव्हा खिडकीतून माझ्याकडं बघायचं टाळलं. लग्न झाल्यापासून कधी इतके लांब गेले नव्हते. घाटाच्या वळणावर गाडी दिसेनाशी झाली तरी मी उभीच होते.

मी निघायला पाहिजे होतं. आईनं जायचं असतं बाळंतपणाला. पण कापणी अर्धी राहिलीय, म्हैस गाभण हाय, आणि माझे गुडघे तुला माहीत आहेत. मी उन्हाळ्यात येईन. आधी छप्पर राहू दे जागेवर.

आता ऐक. हे पत्र त्यांच्यानंतर पोचेल, म्हणून फोन लागला तर तेवढंच सांगीन, बाकी इथं वाच. ते दारात आले तर आश्चर्य दाखवू नको. कसे आलात, का आलात विचारू नको. रडू नको, निदान त्यांच्यासमोर. ते तुझ्याशी बोलणार नाहीत. लाकडाशी बोलतील. बोलू दे. चहात साखर जास्त. सकाळी उठल्यावर गुडघ्यांना शेक लागतो, पण मागणार नाहीत. गरम पाण्याची पिशवी नुसती जवळ ठेवून जायचं. ओंकारला सांग, वाकून नमस्कार कर आणि पहार हातात घे. कामाला हात लावणाऱ्या माणसावर ते फार दिवस रागावू शकत नाहीत.

तुझी आई

*

कुडपण
३ फेब्रुवारी

अहो,

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाय. गरजच पडली नाय. तुम्ही कायम याच घरात, नाहीतर हाकेच्या अंतरावर कुणाच्या तरी छपरावर.

फोन लागत नाय. सेजलचा नाय, ओंकारचा नाय. सदूभावोजींच्या टीव्हीवर दाखवलं, तिकडं बर्फ थांबतच नाय, रस्ते बंद, तारा तुटल्यात. त्यांच्या घरी सगळे माझ्याकडं बघायला लागले तशी मी म्हशीचं कारण सांगून उठले. हे पत्र आज टाकलं तरी खालीच कुठंतरी पडून राहील, मला कळतं. पण कुणाशी बोलू?

काम झाल्यावर परत यायचं म्हणाला होतात. जुन्या तुळईखाली नवी घातली, खांब दिले, दिवाळीनंतरचा सगळा महिना गेला. मग म्हणालात, एक बर्फ बघून येतो, लाकूड कसं बसतं ते बघायला पाहिजे. मग म्हणालात, आता रस्त्याचं काय खरं नाय. मी ओळखलं. राहा. पण फोनवर तुम्ही मला लाकडाचं सगळं सांगता आणि मी विचारते, "सेजल कशी हाय?" तर म्हणता, "हाय बरी. भिंतीपलीकडं हाय." अजून भिंतीपलीकडंच का?

तळीयेला डोंगर खाली आला त्या पावसात तुम्ही रात्रंदिवस आपल्या घरातून फिरत होता, एकेका वाशाला हात लावत. मी म्हटलं होतं, डोंगर आला तर वासे काय करणार? तुम्ही म्हणाला होतात, "डोंगराचं मला काय करता येत नाय. वाशाचं येतं." तेव्हा मी चिडले होते. आज मी तेच करतेय. म्हशीचं बघते, तुळशीला पाणी घालते, तुमचं अंथरूण उन्हात टाकते.

तुम्ही छपरावर चढू नका असं लिहिणार होते. लिहून उपयोग नाय. सांभाळून चढा.

प्रयाग

*

लाहौल
१० फेब्रुवारी

सौ. प्रयाग,

पत्राच्या वर काय लिहायचं असतं ते मला माहीत नाय. आम्ही सगळे बरे आहोत. हे आधी वाच, मग बाकीचं.

तार अजून जोडली नाय. ओंकार मशीन घेऊन खाली जातोय, तो हे टाकेल. तो चांगला पोरगा हाय. जेवढं सांगितलं तेवढं करतो आणि मधे बोलत नाय.

विहीणबाई मराठी समजत नाहीत, मला त्यांची बोली समजत नाय. तरी आमचं भांडण व्यवस्थित होतं. मी चुलीच्या खोलीत मधोमध खांब लावले तेव्हा त्या फार चिडल्या. चालायला जागा नाय म्हणे. मी म्हटलं, छप्पर आलं तर बसायला पण जागा नाय. मग त्यांनी एका खांबाला खिळा मारून चाळणी अडकवली, तेव्हा समजलो की मान्य झालं. बर्फाचं मात्र मला काहीच कळत नव्हतं, ते त्यांनी शिकवलं. पडायचा थांबेल मग काढू, असं करायचं नाय. पडत असतानाच काढत राहायचा, हलका असतो तोवर. आणि खरवडून मातीपर्यंत जायचं नाय, बोटभर थर ठेवायचा, नाहीतर फावडं मातीला लागतं आणि उन्हाळ्यात गळतं. लाकडाचं फावडं असतं इथं, रुंद, सुपासारखं.

त्या दिवशी बर्फ पडायचा तिसरा दिवस. ओंकार मशीनवर अडकलेला. विहीणबाईंना खोकला, तरी त्या वर आल्या. वाऱ्यानं सगळा बर्फ शेजारच्या उंच भिंतीच्या अंगाला आणून लावला होता. एका अंगाला घोटाभर, दुसऱ्या अंगाला माझ्या छातीएवढा. मी सोप्या बाजूनं सुरुवात केली. विहीणबाई ओरडायला लागल्या, हात करून दाखवायला लागल्या. मला वाटलं, नेहमीसारखं भांडतायत. नंतर समजलं. हलकी बाजू मोकळी करत गेलो तर सगळं ओझं एकाच बाजूला राहतं, छप्पर तिरकं दाबलं जातं. वल्हवताना नाव एकीकडं कलावी तसं. जड बाजूचं आधी, थोडं थोडं काढायला पाहिजे होतं.

ते समजेपर्यंत पायाखाली आवाज आला. प्रयाग, लाकूड मोडायच्या आधी बोलतं. बारीक, दात खाल्ल्यासारखं. जुनी तुळई होती. आणि चुलीच्या खोलीत, तिच्याच खाली, पोरगी भाकऱ्या करत होती. छपराला धूर जायला एक भोक असतं. मी त्याच्यापाशी पालथा पडलो आणि ओरडलो,

"सेजे! उठ! भिंतीकडं हो!"

ती वर बघत राहिली. खालून धूर, त्यात तिचं तोंड. हलेना. मी परत ओरडलो, "सेजे, बाय, भिंतीकडं!" तशी ती पोट धरून उठली आणि भिंतीला गेली. मागोमाग तुळई मोडली. चार बोटं खाली आली आणि नव्या तुळईवर बसली. वरची माती सगळी चुलीवर, तव्यावर, ती बसली होती त्या पाटावर. खांब हलले नाहीत. मी खाली डोकं घालून खांबच बघत होतो. हलले नाहीत.

मग शेजारचे लोक आले. दोन्ही अंगांनी सारखा काढत आणला, अंधार पडायच्या आत. गावात एक गोठा बसलाय, जनावरं वाचली.

मी खाली उतरलो तेव्हा पोरगी भिंतीपाशीच उभी होती. केसांत माती. म्हणाली, "बाबा, तुम्ही माझं नाव घेतलंत."

मी म्हटलं, "घाई होती."

म्हणाली, "आता घाई नाय. आता घ्या."

मी तिच्या केसांतली माती झाडत बसलो. लहानपणी शेणात पडून यायची तेव्हा तू झाडायचीस, मी कधी झाडली नव्हती. हात कसा लावायचा ते पण कळेना. ती रडत होती आणि विहीणबाई खोकत खोकत हसत होत्या. मग मी म्हटलं, "सेजे, चूल तर गेली. चहा कशावर करतेस?" एवढंच जमलं. पण त्यानंतर जमायला लागलं. आता ती भिंतीपलीकडं नसते. मला मोठ्यानं वाचायला बसवते, तिला मराठी ऐकायचं असतं म्हणे. इथं मराठी बोलणारा दुसरा कोण हाय?

रस्ता मोकळा झाला की तिला कुल्लूला दवाखान्याजवळ खोली घेऊन ठेवायचं ठरलंय. मी बरोबर जाणार. तू म्हणशील, पुरुषमाणूस तिथं काय करणार. ते मलाही माहीत नाय. दाराबाहेर बसेन.

आणि मी मुंबईला डोळे दाखवायला गेलो नव्हतो. तुला सांगायचं राहिलं होतं.

हैबती

*

कुडपण
१८ मार्च

सेजे, आणि हेही, दोघांनी मिळून वाचा,

कुल्लूच्या दवाखान्यातून फोनवर नातीचा आवाज ऐकला. केवढा आवाज गो! मला वाटलं, मांजर कुणीतरी पिशवीत घातलंय. ओंकार म्हणाला, नाक तुझ्या बाबांवर गेलंय. असू दे. नाकाचं काय, वाढेल तशी सुधारेल.

तुळशीला विचारून घेतलं, आणि ठरवलं, वैशाखाआधी निघते. श्रुतिका बरोबर येतेय, तिला बर्फ बघायचाय म्हणे. म्हैस व्याली, तिला सदूभावोजी बघतील. गुडघे माझे आहेत, मी बघेन. बाळंतिणीला डिंकाचे लाडू करून आणते. ह्यांनी तिला ऊन लागेल असं बसवावं, आणि विहीणबाईंना माझा नमस्कार सांगावा. त्यांची चाळणी खांबावरच राहू द्या म्हणावं.

शिमगा झाला. पालखी आपल्या दारात आली. दर वर्षी हे पुढं उभे राहतात, नारळ देतात. या वर्षी मीच पदर खोचून उभी राहिले. बायका मागून कुजबुजत होत्या. रखमाकाकूंनी तर सगळ्यांसमोर विचारलं, "प्रयागे, तुझा घरधनी कुठं गेला सणाचा?"

चार वर्षं मी अशा वेळी म्हशीचं कारण सांगून आत जात होते. त्या दिवशी गेले नाय. म्हटलं, "लेकीकडं. बाळंतपणाला."

"बाळंतपणाला? बाप?"

"हो. बाप."

सगळ्या हसायला लागल्या. ढोलवाले पण हसले. मग मलाच इतकं हसू आलं की नारळ हातातून सुटायचा राहिला. खूप दिवसांनी हसले असेन, बरगड्या दुखल्या.

गुरवानं गाऱ्हाणं घालायला हात जोडले आणि म्हणाला, "घरातली माणसं सांग." मी ह्यांचं नाव सांगितलं, माझं सांगितलं. मग म्हटलं, सेजल, ओंकार, त्याची आई, आणि त्यांची लेक, अजून नाव ठेवायचंय, तिचं पण धर. राहणार लाहौल.

गुरव थांबला. म्हणाला, "हे गाव कुठल्या तालुक्यात?"

मी म्हटलं, "लांब हाय. तू नुसतं मोठ्यानं घे. देवाला सापडेल."

तुझी आई